घरावर सोलर बसवायचं? आधी मीटर कुणाच्या नावावर आहे ते पाहा

मे महिन्याचं बिल हातात आलं की अकोला-अमरावतीतल्या घराघरांत एकच विषय निघतो: सोलर बसवून टाकू का? आमच्या मते बहुतेक घरांना ते परवडतं. ऊन आपल्याकडे भरपूर आहे, त्याची चिंता नको. प्रश्न बिलाचा आणि मीटरचा आहे.

महावितरणच्या घरगुती दरात पहिली 100 युनिटं स्वस्त, 101 ते 300 ची त्याच्या जवळपास दुप्पट, पुढची आणखी महाग. म्हणजे खरी बचत वरच्या युनिटांवर होते. एक किलोवॅटचे पॅनल सरासरी दिवसाला चार युनिट, महिन्याला 120 च्या आसपास वीज देतात. कूलर, फ्रिज, मोटर मिळून महिन्याला 250 युनिट लागणाऱ्या घराला दोन किलोवॅट पुरतं. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला 30 हजार, दोनला 60 हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला 78 हजार रुपये अनुदान आहे. दोन किलोवॅटला सव्वा लाख खर्च धरा. अनुदान वजा जाता 65 हजार आपल्या खिशातून जातात. महिन्याला दोन हजार वाचले तर पावणेतीन वर्षांत पैसे वसूल. त्यापेक्षा मोठा सेट घेऊ नका. शिल्लक युनिटांचा हिशेब 31 मार्चला होतो आणि त्यांना मिळणारा भाव फार कमी असतो. बिल शून्य होईल असं कुणी सांगितलं तर तेही मानू नका, स्थिर आकार भरावाच लागतो.

महिन्याला 100 युनिटच्या आत वापर असेल तर राज्याची 2025 ची ‘स्मार्ट’ योजना पाहा. एका किलोवॅटचा खर्च 50 हजार धरून दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला फक्त अडीच हजार, तर सर्वसाधारण गटातल्या इतरांना 10 हजार भरावे लागतात. जागा मर्यादित आहेत.

आता मीटर. गाडी अडते ती इथेच. ताजनापेठ असो की पठाण चौक, कितीतरी घरांत मीटर अजून दादांच्या नावावर आहे. दादांचा इंतकाल होऊन वर्षं झाली, खाली मोठे भाईजान, वर धाकटे, आणि छत सगळ्यांचं. अनुदानाचा अर्ज मात्र ज्याच्या नावावर वीजजोडणी आहे त्याचाच चालतो. म्हणून आधी मृत्यूचा दाखला आणि वारसांची ना-हरकत देऊन नाव बदलून घ्या. मजल्यांवर वेगवेगळे मीटर असतील तर ज्या मीटरला सोलर जोडला त्याचंच बिल कमी होतं, बाकीच्यांचं नाही. छत अडलं सगळ्यांचं आणि फायदा एकाला, यावरून पुढे मनं दुखावतात. कोण किती पैसे घालणार, कुणाचं किती बिल भरलं जाणार, उद्या वर मजला चढवायचा झाला तर पॅनल कोण हलवणार, हे आधीच कागदावर लिहा. वारशात बहिणींचाही हिस्सा असतो. त्या सासरी गेल्या म्हणून त्यांना विचारायचं राहून जाऊ नये.

अनुदान पॅनल बसल्यावर खात्यात येतं, म्हणून सुरुवातीला पूर्ण रक्कम लागते. बँका कर्ज देतात, पण त्यावर व्याज आहे. ज्यांना ते टाळायचं आहे त्यांनी बीसीचा नंबर लागेपर्यंत थांबावं, नाहीतर एक किलोवॅटपासून सुरुवात करावी. मात्र पुढे वाढवता येईल असा इन्व्हर्टर मागा. पॅनल ‘डीसीआर’, म्हणजे भारतातच बनलेल्या सेलचे हवेत. नाहीतर अनुदान नाही.

एक गैरसमज फार पसरलाय, की सोलर असला की लाइट जाणार नाही. जाते! लाइनवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर लाइट गेली की आपोआप बंद पडतो. बॅटरी लावली तर खर्च बराच वाढतो, आणि बॅटरीला अनुदान नाही. रमजानमध्ये सहरीला, तरावीहनंतर वीज लागते ती रात्री. तिची सोय नेट मीटर करतो, दिवसा दिलेली युनिटं रात्रीच्या वापरातून वजा होतात.

पारा 45 च्या वर गेला की पॅनल तापतात आणि वीज थोडी कमी देतात. मे महिन्याच्या आकड्याने घाबरून जाऊ नका. धुण्याच्या पाण्याकडे मात्र लक्ष द्या. अकोला, मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्याने पॅनल धुतले तर काचेवर पांढरे डाग धरतात. नळाचं पाणी वापरा, आणि पहाटे धुवा. तापलेल्या काचेवर थंड पाणी नको. एका किलोवॅटला शंभर चौरस फूट जागा जाते. म्हणून सांगाडा माणूस उभा राहील इतका उंच घ्या, म्हणजे उन्हाळ्यात छतावर झोपायची जागा राहते आणि खालची खोलीही थोडी कमी तापते. कुरडया-पापड वाळवायला ऊन लागतं, तेवढा कोपरा मोकळा सोडा. उंच सांगाड्याला जूनच्या वादळाचा वारा जास्त लागतो, त्यामुळे त्याचे पाय काँक्रीटमध्ये पक्के बसवून घ्या. टिनाच्या छतावर बसवायचं असेल तर आधी खालच्या लोखंडी अँगलची ताकद तपासून घ्या.