मार्क ट्वेनला कोणी बुडवले?

मराठी लेखकांच्या बैठकीत मार्क ट्वेनचे नाव निघाले की एक पूर्वपक्ष ठरलेला असतो: प्रकाशक एलिशा ब्लिसने त्याला लुबाडले, म्हणून शहाण्या लेखकाने आपले पुस्तक आपणच काढावे. याला साक्षीदार खुद्द ट्वेन. आत्मचरित्रात त्याने ब्लिसची यथेच्छ निंदा केली आहे. पण ती 1906 साली तोंडी सांगितलेली, म्हणजे ब्लिस वारल्याला 26 वर्षे झाल्यावर. उलटतपासणीची सोयच उरली नव्हती. दोघांची पत्रे मात्र त्या-त्या वेळची आहेत.

पहिले पत्र ब्लिसचे, नोव्हेंबर 1867चे. वर्तमानपत्रांत प्रवासाची पत्रे लिहिणाऱ्या ट्वेनला ‘पुस्तक करा’ म्हणणारा हा हार्टफर्डचा गृहस्थ. उत्तरात ट्वेन विचारतो, यात मला पैसे किती मिळतील? ठरले विक्रीवर पाच टक्के. 1869 साली हे पुस्तक, ‘द इनोसंट्स अब्रॉड’, रखडले, तेव्हा त्याने ब्लिसला खरमरीत पत्र धाडले. हा काही भोळा सांब नव्हे! शिवाय ब्लिसच्या कंपनीच्या संचालकांना पुस्तक धर्माची टवाळी करणारे वाटत असताना ब्लिस छापण्यावर अडून बसला, असे सांगतात.

ब्लिसचा माल दुकानात विकला जात नसे. त्याचे एजंट नमुन्याची प्रत घेऊन गावोगाव हिंडत आणि आगाऊ मागणी नोंदवत. खारदांड्याला समुद्रात जाणारा कोळी आणि पाटी घेऊन दारोदार फिरणारी कोळीण यांत कोण कोणाला लुबाडते, असे कुणी विचारत नाही; लेखक आणि प्रकाशक यांचेही तसेच. पहिल्याच वर्षी ‘इनोसंट्स’च्या सुमारे 70 हजार प्रती खपल्या, त्या या पायपिटीवर.

‘रफिंग इट’ या नंतरच्या पुस्तकाच्या वेळी साडेसात टक्के म्हणजे निम्मा नफा, असे ब्लिसने भासवल्याचा आरोप आहे. तो मी नाकारत नाही. पण त्यातून ‘स्वतः छापा’ हा निष्कर्ष निघत नाही.

कारण ट्वेनने तेही करून पाहिले. 1884 साली भाचेजावई चार्ल्स वेब्स्टरच्या नावाने त्याने प्रकाशनसंस्था काढली. ‘हकलबरी फिन’ चालले. माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँटच्या आठवणी तर अशा खपल्या की त्याच्या विधवेला दोन लाख डॉलरचा धनादेश गेला. मग हप्त्यांवर विकलेल्या अमेरिकन वाङ्मयाच्या अवजड ग्रंथमालेत भांडवल अडकले. पेज नावाच्या संशोधकाच्या खिळे जुळवणाऱ्या यंत्रात ट्वेनने पैसे घातले होते, त्याने उरलेले गिळले. 1894 साली दिवाळे वाजले.

त्या कर्जापायी तो जगभर व्याख्याने देत निघाला आणि जानेवारी 1896 मध्ये मुंबईत वॉटसन हॉटेलात उतरला. ब्लिसने बुडवलेला लेखक म्हणून जो दाखवला जातो, तो स्वतःच्या छापखानदारीने बुडून इथे आला होता.

या प्रवासाचे पुस्तक, ‘फॉलोइंग द इक्वेटर’, 1897 साली निघाले. अमेरिकेत ते काढले हार्टफर्डच्या त्याच कंपनीने. कारभार आता ब्लिसच्या मुलाकडे होता.