पैलवानाचा भाव

यात्रेतल्या दंगलीचं पत्रक कधी नीट वाचलंय? मंगरूळपीर तालुक्यातलं आसेगाव घ्या, नाहीतर वऱ्हाडातलं दुसरं कोणतंही गाव घ्या, पत्रकाची घडण सारखीच. वर देवाचं नाव, खाली तिथी आणि जागा, मग कुस्त्यांची यादी. पहिली कुस्ती इतक्या हजारांची, दुसरी तितक्यांची आणि प्रत्येक रकमेपुढे इनाम देणाऱ्याचं नाव. पोरासोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर किंवा नारळावर. या पत्रकातून पैशाची एकच गोष्ट कळते : जिंकणाऱ्याला काय मिळणार आणि ते कोण देणार.

मोबाईलवर परदेशातल्या एखाद्या एमएमए लढतीची पाटी उघडली की तिथेही दोन नावं आणि दोन आकडे दिसतात. एकापुढे 1.25, दुसऱ्यापुढे 4.00. हे इनाम नाही. लढणाऱ्यांना काय मिळणार याच्याशी त्याचा काही संबंध नाही. इंग्रजीत याला ऑड्स म्हणतात, आपल्याकडच्या सट्ट्याच्या बोलीत ‘भाव’. हा आकडा लढणाऱ्यांबद्दल काहीतरी सांगतोय, असं पाहणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात तो बराचसा पैशाबद्दल बोलत असतो. तो कुठून आला आणि त्याच्या पोटात काय दडलंय, याचा इतिहास वाटतो त्यापेक्षा बराच जुना आहे.

आपल्या धर्मशास्त्रांनी जुगाराचे दोन प्रकार केले होते. फाशांसारख्या निर्जीव वस्तूंवर खेळतात ते द्यूत आणि जिवंत प्राण्यांच्या झुंजीवर पण लावतात तो समाह्वय. याज्ञवल्क्यस्मृतीवर विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. तो चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या काळातला; राजधानी कल्याण, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. समाह्वयात कोणाकोणाच्या झुंजी येतात हे सांगताना तो मेंढे आणि रेड्यांच्या जोडीला मल्लांचंही नाव घेतो. कुस्तीवर पैसे लावणं ही नऊशे वर्षांपूर्वीही नवलाची गोष्ट नव्हती, हे यावरून कळतं.

याज्ञवल्क्याचा दुसरा नियम तर आजच्या प्रत्येक बेटिंग अॅपवाल्याने वाचावा असा आहे. जुगाराचा अड्डा चालवणारा तो सभिक. त्याने मोठ्या डावात जिंकणाऱ्याकडून शेकडा 5 घ्यावेत, इतरांकडून शेकडा 10. बदल्यात त्याने हरलेल्याकडून पैसे वसूल करून जिंकलेल्याच्या हाती द्यायचे आणि राजाचा ठरलेला वाटा राजाला पोचवायचा. मनुस्मृती याच्या उलट टोकाला उभी आहे : द्यूत आणि समाह्वय दोन्ही राजाने राज्यातून हद्दपार करावेत, असं ती बजावते. बंदी घालायची की परवाना देऊन कर घ्यायचा, हा आज टीव्हीवर रंगणारा वाद इतका जुना आहे. याज्ञवल्क्याच्या व्यवस्थेत एक गोष्ट मात्र स्वच्छ होती. अड्डेवाल्याचा वाटा किती, हे सगळ्यांना आधी माहीत असायचं.

आता कुस्तीच्या फडाकडे येऊ. पश्चिम महाराष्ट्रात फड, नगरकडे हगामा, वऱ्हाडात दंगल. नावं वेगळी, पण सगळीकडे कळीचं काम एकच : जोड लावणं. कोणाला कोणासमोर उभं करायचं, हे जाणती माणसं वजन, वय, तालीम आणि मागच्या कुस्त्या बघून ठरवतात. जोड जमली नाही तर कुस्ती रंगत नाही, प्रेक्षक ओरडतात, ‘जोड बरोबर नाही!’ दोन बघ्यांमध्ये पैज लागते तीही याच जोडीच्या भरवशावर. तू शंभर ठेव, मी शंभर ठेवतो. समसमान पैज लागायची तर पैलवानही जवळपास समसमान हवेत. एक हत्ती आणि दुसरा उंदीर असेल, तर उंदरावर शंभर लावणारा वेडा कुठून आणायचा?

भावाचा जन्म याच अडचणीतून झाला. मैदानात जोड जमत नसेल तर ती पैशात जमवायची. हत्तीवर 100 लावलेस तर नफा 25 आणि उंदरावर 100 लावलेस तर नफा 300. एवढं केलं की उंदरालाही गिऱ्हाईक मिळतं. फडातले जाणते जे काम नजरेने करतात, तेच काम सट्टेवाला आकड्याने करतो. फरक इतकाच की जाणते दोन माणसांची बरोबरी जुळवतात, तर सट्टेवाला दोन बाजूंच्या पैशांची.

इंग्लंडमध्ये हे अठराव्या शतकातच घडलं. तिथली उघड्या मुठींची मुष्टियुद्धं बड्या लोकांच्या पैजांवरच चालत. जॅक ब्रॉटन हा त्या काळचा अजिंक्य मानला गेलेला मल्ल. 1743 साली त्याने लिहिलेले नियम पुढे जवळपास शतकभर चालले. राजा दुसऱ्या जॉर्जचा मुलगा, कंबरलंडचा ड्यूक, हा त्याचा आश्रयदाता. 1750 साली ब्रॉटनची गाठ जॅक स्लॅकशी पडली. लढत इतकी एकतर्फी मानली गेली, की ब्रॉटनच्या बाजूने एकास दहा असा भाव होता, असं सांगतात. स्लॅकचा एक ठोसा डोळ्यांमध्ये बसला, ब्रॉटनचे डोळे सुजून मिटले आणि सुमारे पाव तासाच्या आत सगळं संपलं. ड्यूक हजारो पौंड हरला. ब्रॉटनने आपल्याला विकलं असा त्याचा ग्रह झाला आणि त्याने आश्रय काढून घेतला. दिसेनासा झालेला माणूस हरला, एवढं साधं कारण त्याला पुरलं नाही.

ड्यूकचा संशय खोटा असेलही, पण तो उगवला कुठून हे पाहण्यासारखं आहे. भाव एकास दहा असेल, तेव्हा आवडत्या मल्लाच्या विजयात फारसा पैसा नसतो. सगळा पैसा असतो त्याच्या पराभवात. ज्याचा विजय सर्वांत पक्का, त्याची हार सर्वांत महाग. आपल्याकडे ठरवून केलेल्या लढतीला ‘नुरा कुस्ती’ म्हणतात. इनामाच्या कुस्तीतही ती होते, नाही असं नाही. पण इनाम पराभवाला किंमत देत नाही, भाव देतो.

आता तो आकडा उघडून बघू. 1.25 म्हणजे 1 रुपया लावला आणि तुमचा माणूस जिंकला, तर मुद्दल धरून 1 रुपया 25 पैसे परत. सट्ट्याच्या बोलीत ‘25 पैसे’ भाव. ब्रिटिश पद्धतीत हेच 1/4 असं लिहितात, अमेरिकी पद्धतीत -400, म्हणजे 100 कमवायला 400 लावा. समोरच्याचा 4.00 म्हणजे ब्रिटिश 3/1, अमेरिकी +300. लिपी तीन असल्या तरी मजकूर एकच.

1 ला भावाने भागा. 1 भागिले 1.25 म्हणजे शेकडा 80. 1 भागिले 4 म्हणजे शेकडा 25. बेरीज 105. दोघांपैकी एकच जिंकणार असेल तर शक्यतांची बेरीज शंभराच्या वर कशी गेली? वरचे 5 दुकानाचे. पहिल्यावर 80 आणि दुसऱ्यावर 25 रुपये आले, तर गल्ल्यात 105 जमा होतात आणि कोणीही जिंकला तरी 100च वाटले जातात. याज्ञवल्क्याच्या सभिकाचे पाच इथे भेटतात. फरक एवढाच की तो ते जिंकणाऱ्याकडून उघडपणे मागून घ्यायचा. इथे ते भावातच मिसळलेले आहेत आणि पाटीवर कुठेही लिहिलेले नाहीत.

कापसाच्या मुलखातल्या माणसाला हा हिशेब दुसऱ्या वाटेने समजतो. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले सुरुवातीचे आणि शेवटचे दर मुंबईत यायचे आणि त्यांच्यावर आकडा लागायचा. 1961 साली ते दर येणं थांबलं. मग चिठ्ठ्या टाकून आकडे काढायला सुरुवात झाली आणि कल्याणजी भगत, रतन खत्री ही नावं घरोघर पोचली. मडक्यावरून नाव पडलं मटका. कापसाचा दर गेला, पण त्याचे ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द राहिले. मटक्यात शून्य ते नऊ असे दहा आकडे. बरोबर आकडा लागला तर रुपयाला नऊ रुपये. न्याय्य हिशेबाने दहा मिळायला हवेत, म्हणजे दहातला एक मालकाचा. दहा बोटांवर मोजता येणारी ही गोष्ट आहे. लढतीत मात्र दहा आकडे नसतात. अमुक पैलवान जिंकण्याची खरी शक्यता 80 की 72, हे मोजायला बोटं नाहीत. त्यामुळे मालकाचा वाटा तिथे सहज लपतो.

हा वाटा लहान वाटतो, पण तो दर वेळी कापला जातो. 105 च्या त्या पाटीवर शंभर माणसांनी पैसे लावले, परत आलेले सगळे पुन्हा लावले आणि असं वीस वेळा केलं, तर सर्वांच्या मिळून दर शंभरातले सरासरीने साधारण 38 रुपयेच उरतात. त्यात दोघे-चौघे भरपूर जिंकलेले असतील. व्हॉट्सअॅपवर स्क्रीनशॉट फिरतो तो त्यांचाच.

आणखी एक खाच. कुस्तीला तिसरा निकालही असतो : बरोबरी. 10 सप्टेंबर 1910 रोजी लंडनमध्ये गामा पैलवान आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झ्बिस्को जॉन बुल पट्ट्यासाठी आणि 250 पौंडांसाठी भिडले. झ्बिस्को अडीच तासांहून अधिक वेळ पोटावर पडून राहिला, गामाला त्याला चीत करता आलं नाही. पुढच्या आठवड्याच्या लढतीला झ्बिस्को आलाच नाही आणि पट्टा गामाला मिळाला. गामा श्रेष्ठ हे जाणकाराला दिसत होतंच, पण श्रेष्ठ कोण हा एक प्रश्न आणि आज निकाल काय लागेल हा दुसरा. भाव दुसऱ्याचाच असतो.

आणि भाव बदलतो तो कशाने? 11 फेब्रुवारी 1990, टोकियो. माइक टायसन एकदाही न हरलेला विश्वविजेता, समोर बस्टर डग्लस, ज्याची आई काही आठवड्यांपूर्वीच वारली होती. लास वेगासच्या बहुतेक सट्टाघरांनी या लढतीचा भावच काढला नाही. मिराज कॅसिनोने काढला तो शेवटी 42 ला 1 वर गेला, कारण टायसनवर पैसा येत राहिला. 42 ला 1 म्हणजे डग्लसची शक्यता शेकडा अडीचहूनही कमी. दहाव्या फेरीत डग्लसने टायसनला आडवं केलं. तो आकडा डग्लसच्या ठोशाचं माप नव्हता. लोकांनी कुठे पैसे ठेवले, त्याचं ते माप होतं.

कधी हाच आकडा चोरी उघडी पाडतो. नोव्हेंबर 2022 मध्ये यूएफसीतल्या डॅरिक मिनरच्या लढतीआधी काही तासांत त्याच्याविरुद्ध भाव झपाट्याने फिरला. पायाची आधीची दुखापत लपवून तो उतरला होता आणि पहिल्याच फेरीत हरला. पुढे चौकशी झाली, त्याच्यावर निलंबनाची कारवाई झाली आणि त्याच्या प्रशिक्षकाशी संबंध ठेवणाऱ्या लढवय्यांना यूएफसीने दारं बंद केली. बाहेर बसून 4.00 पाहणाऱ्याला वाटत होतं, आपण खेळ ओळखतोय. समोर बसलेल्याला मात्र त्याच्या पायाची बातमी आधीच होती.

कायद्याने या सगळ्याचा पाठलाग केला तो नेहमी एक पाऊल मागून. 1872 च्या करार कायद्याने पैजेचा करार निरर्थक ठरवला. म्हणजे जिंकलात आणि समोरच्याने पैसे दिले नाहीत, तर कोर्ट दार उघडत नाही. सभिकाला वसुली करून द्यावी लागायची, आजच्या बेकायदा अॅपला तेवढीही जबाबदारी नाही. 1887 साली मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा झाला, तर लोक मुंबईत पावसावर पैसे लावू लागले. पाऊस या कायद्यात बसत नाही असं हायकोर्ट म्हणाल्यावर 1890 साली दुरुस्ती करून पाऊसही त्यात घालावा लागला. तोच कायदा आज महाराष्ट्राच्या नावाने आसेगावलाही लागू आहे. निव्वळ कौशल्याचा खेळ त्याने वगळला. पण कुस्ती कौशल्याची असली, तरी बाकावर बसून लावलेला पैसा कौशल्याचा होतो का, हा वाद उरलाच. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालताना तो वाद बाजूला ठेवला. कौशल्य असो की नशीब, पैसा लावून चालणारा ऑनलाइन खेळ बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मनूची बाजू पुन्हा वर आली म्हणा ना. तरी बाहेरदेशी बसलेल्या पाट्या चोरवाटांनी फोनवर उघडतातच. म्हणून कायद्याइतकाच तो 105 चा हिशेब पाठ असणं गरजेचं आहे.

पैलवानावर पैसे लावण्याची दुसरीही एक रीत आपल्याकडे होती. 1952 साली कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना हेलसिंकी ऑलिंपिकला जायचं होतं आणि पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून 7,000 रुपये दिले. त्या पैशाला ना 1.25 होता, ना 4.00. खाशाबा हरले असते तरी खर्डेकरांना काही मिळणार नव्हतं आणि जिंकल्यावरही काही ठरलेलं नव्हतं. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर त्यांनी कुस्त्या धरल्या आणि त्यांच्या इनामातून ते घर सोडवलं, असं सांगतात.