घाटाखालचे मिस्त्री

कात्रजचा घाट उतरून पुण्याकडे येणारा मालट्रक ब्रेक लायनरचा जळका वास घेऊनच गावात शिरे. चढताना क्लच झिजणार आणि उतरताना ब्रेक, हे ठरलेलं. सातारा रस्त्यावरच्या गॅरेजवाल्याला त्यामुळे गिऱ्हाईक शोधत हिंडावं लागलं नाही.

इथला मिस्त्री शिकला तो उस्तादाच्या हाताखाली. आधी पाने पुसायचे, मग चाक खोलायचं. इंजिनाला हात लावायची पाळी फार उशिरा. पगार नावाला, शिव्या भरपूर. १९५० मध्ये सरकारची कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, १९६१ मध्ये अप्रेंटिस कायदा आला. पण आयटीआयच्या दारात शाळेचा दाखला मागत, आणि गॅरेजातला पोऱ्या बहुधा शाळा सोडूनच आलेला.

मोटारधंदा पुण्यात वाढला तोही शहराच्या दुसऱ्या टोकाला: टेल्को पिंपरीत, बजाज आकुर्डीत. एसटीसारख्या महामंडळांच्या माणसांना शिकवणारी सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट ही संस्था १९६७ मध्ये निघाली, ती भोसरीत. नोकरदाराला पगार चालू ठेवून वर्गात बसता येई. रस्त्याकडेच्या मिस्त्रीसाठी अशी सोय कुणी केली नाही, आणि बरीच वर्षं त्याचं त्यावाचून अडलंही नाही.

कारण गाडीच बदलत नव्हती! १९७२ मध्ये आलेल्या बजाजच्या चेतक स्कूटरसाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावले. ती बिघडली तरी बिघाड ठरावीक. प्लग काढायचा, काजळी खरवडायची, पॉलिश पेपरनं पॉइंट घासायचे, फिलर गेजची पाती मध्ये सरकवून गॅप बघायची आणि किक मारायची. सराईत मिस्त्री तर गेजही काढत नसे, नजरेनंच गॅप लावी. पेट्रोलमध्ये लिटरला २० मिलि ऑइल, हे तर गिऱ्हाइकालाही पाठ. एकदा शिकलेलं पंचवीस वर्षं पुरलं. मिस्त्रीचा जो दरारा होता, तो या न बदलणाऱ्या इंजिनावर उभा होता, हे मात्र कुणी त्याला सांगितलं नाही.

मग धुराचे नियम आले. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं आणि नव्या दुचाक्यांतून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. त्याच्या जागी इंजेक्टर, सेन्सर, ईसीयू. नव्या ट्रकच्या सायलेन्सरच्या वाटेवर गाळणी बसली, शेजारी युरियाची टाकी आली. आता कानानं इंजिन ऐकून भागत नाही; स्कॅनर लावून कोड वाचावा लागतो. २०१९ मध्ये पुण्याच्या पीएमपी बससेवेच्या ताफ्यात विजेच्या बस आल्या. त्यांच्या नारिंगी केबलला अंदाजानं हात लावणं म्हणजे जिवाशी खेळ.

अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या कामगाराला कंपनी हे शिकवते. वाहन क्षेत्रासाठीची कौशल्य परिषदही आहे, आणि हाताखाली शिकलेल्यांची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्र देण्याची सरकारी सोयही. त्यानं मिस्त्रीच्या जुन्या विद्येला मान मिळतो, हे चांगलंच; पण इंजेक्टर उघडायचा कसा, हे त्या कागदातून कळत नाही. शिवाय दिवसा वर्गात बसायचं तर शटर बंद ठेवावं लागतं आणि त्या दिवसाची कमाई बुडते. म्हणून वर्ग भरवायचे तर रात्री आठनंतर, कात्रजमध्येच, मराठीतून आणि प्रत्यक्ष गाडीवर भरवावेत. उद्योगानं आणि महापालिकेनं मिळून एवढं करायला हवं.