यक्ष दिल्लीत, आम्ही पिशोरात : संग्रहालयाची खुली संध्याकाळ नेमकी कोणासाठी?



पितळखोऱ्याचा यक्ष पाहायचा असेल तर कन्नड तालुक्यातल्या माणसाला दिल्लीचे तिकीट काढावे लागते. पिशोर आणि पितळखोरा एकाच तालुक्यात. गौताळ्याच्या डोंगरातली ही बौद्ध लेणी इसवी सनापूर्वीची, सातवाहनांच्या काळातली, अजिंठ्याच्या सर्वात जुन्या लेण्यांच्या बरोबरीची. तिथल्या उत्खननात डोक्यावर भांडे धरलेली एक बुटकी, हसरी यक्षमूर्ती सापडली. ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्या मूर्तीवर ती घडविणाऱ्याचे नाव कोरलेले आहे. कन्हदास, व्यवसायाने सोनार. प्राचीन भारतातल्या हजारो मूर्तींपैकी फार थोड्या मूर्तींवर कारागिराचे नाव सापडते. आमच्या डोंगरात ते सापडले आणि आमच्या शाळांत ते कोणी सांगितले नाही.

पितळखोऱ्याच्या भिंतींवर आणखीही नावे आहेत. पैठणच्या एका सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे नाव आहे. मगिल नावाच्या राजवैद्याचे आणि त्याच्या मुलीचेही नाव आहे. म्हणजे हे लेणे एखाद्या राजाने स्वतःच्या कीर्तीसाठी उभारलेले नाही. व्यापारी, वैद्य, त्यांच्या लेकी, कारागीर अशा कमावत्या माणसांनी जमेल तसे दान दिले आणि भिक्खूंसाठी व येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी डोंगर कोरून घेतला. धम्म ऐकायला येणाऱ्याला तिथे जात विचारली जात नव्हती, तिकीट तर दूरच.

हे सगळे आधी सांगण्याचे कारण आहे. हल्ली मोठ्या शहरांतली कलासंग्रहालये ‘समाजासाठी खुली संध्याकाळ’ साजरी करतात. प्रवेश फुकट, गाणी, नाच, मुलांसाठी चित्रकला, खाण्याचे ठेले. आम्ही याला नाक मुरडत नाही. उलट आमचे म्हणणे असे की या प्रथेचा इतिहास आपल्या तरुणांनी नीट समजून घ्यावा आणि मग आपल्या जिल्ह्यात ती मागावी. फक्त मागताना काय मागायचे ते पक्के ठाऊक हवे.

यातला खरा प्रश्न वेळेचा आहे. वेरूळचे तिकीट भारतीय माणसाला ४० रुपये. तेवढे शेतमजूरही कसेबसे काढील. पण लेणी सूर्योदयाला उघडतात आणि सूर्यास्ताला बंद होतात, आणि मजुराचा दिवसही नेमका तेवढाच असतो. लेणे पाहायचे म्हणजे एक रोज बुडवायचा, वर पोराबाळांचे गाडीभाडे. चाळीस रुपयांची गोष्ट तीन-चारशेवर जाते. १८ एप्रिलच्या जागतिक वारसा दिनी पुरातत्त्व खात्याने तिकीट माफ केले तरी रोज कोण माफ करणार?

हा हिशेब इंग्लंडमध्ये दीडशे वर्षांपूर्वी कोणाच्या तरी लक्षात आला होता. १८५७ साली लंडनमध्ये साउथ केन्सिंग्टन संग्रहालय उघडले. हेन्री कोल त्याचे प्रमुख. त्यांनी दालनांत गॅसचे दिवे लावले आणि ठरावीक दिवशी प्रवेश फुकट ठेवून रात्रीपर्यंत दारे उघडी ठेवली, कामकऱ्यांना काम सुटल्यावर येता यावे म्हणून. यामागे कामकऱ्यांविषयी निव्वळ कळवळा होता असे नाही. कामगार दारूच्या गुत्त्यावर जाण्याऐवजी संग्रहालयात आला तर तो शिस्तीत राहील, हा मालकवर्गाचा हिशेबही त्यात होता. पण दिवा लागला हे खरे.

त्याच राजवटीने १८७२ साली मुंबईत भायखळ्याला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय उघडले. आज ते डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. जागा पाहा. एका बाजूला गिरण्यांची धुराडी, थोड्या अंतरावर परळच्या चाळी. त्याच परळच्या बी.आय.टी. चाळीत पुढे बाबासाहेब वर्षानुवर्षे राहिले. गिरणीत पाळी करणाऱ्या, आणि तिथेही अस्पृश्य म्हणून विणकामाच्या खात्यातून बाहेर ठेवलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांचे त्या संग्रहालयातल्या मातीच्या बाहुल्यांत काय स्थान होते? त्या बाहुल्यांत जाती आणि व्यवसाय नमुन्यासारखे मांडलेले होते. आपण पाहणारे होण्याआधी पाहण्याची वस्तू झालो.

अमेरिकेतल्या काळ्या कलावंतांनी हेच दुखणे १९६९ साली चव्हाट्यावर आणले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने हार्लेम या काळ्यांच्या वस्तीवर मोठे प्रदर्शन भरवले. फोटो होते, आवाज होते, पण हार्लेमच्या चित्रकारांची चित्रे आणि शिल्पे नव्हती. बेनी अँड्र्यूज आणि त्यांचे सहकारी फलक घेऊन संग्रहालयाच्या दारात उभे राहिले. आमच्यावर प्रदर्शन भरवता आणि आमचीच कला आत घेत नाही, असा त्यांचा सवाल होता. त्याच शहरातले ब्रुकलिन संग्रहालय १९९८ पासून महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी फुकट कार्यक्रम करू लागले आणि त्याला वस्तीतली गर्दी लोटली. या दोन तारखांच्या मध्ये जे भांडण झाले ते विसरून फक्त शनिवारच्या नाचगाण्याचे कौतुक करणे म्हणजे अर्धा इतिहास वाचणे.

आता आपल्या मातीतली गोष्ट. १९३४ साली बाबासाहेब तीसेक कार्यकर्त्यांसह सहलीला निघाले. त्यांची अट एकच, वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच. नाशिकहून येवल्यामार्गे गाड्या निघाल्या. वाटेत दौलताबादचा किल्ला. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी किल्ल्याच्या दाराबाहेरच्या तळ्यावर हातपाय धुतले आणि एक म्हातारा ओरडत आला की यांनी तळे बाटवले. जमाव जमला, शिवीगाळ झाली. शेवटी आत जाऊ दिले ते या अटीवर की किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही, आणि लक्ष ठेवायला एक हत्यारबंद शिपाई सोबत दिला. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला माणूस शिपायाच्या पहाऱ्यात किल्ला पाहतो आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणा.

हा प्रसंग आज काही लोक मुसलमानांविरुद्ध वापरतात, कारण तो म्हातारा मुसलमान होता. त्यांना सांगा, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ पूर्ण वाचा. त्यात बडोद्याची पारशी धर्मशाळा आहे, अस्पृश्य बाळंतिणीला न शिवणारा हिंदू डॉक्टर आहे, आणि कन्नडचा घाट उतरला की लागणारे चाळीसगावही आहे. तिथे १९२९ साली टांगेवाल्यांनी बाबासाहेबांना नेण्यास नकार दिला आणि शेवटी ते टांग्यातून पडून जखमी झाले. बाबासाहेबांचा रोख जातीवर होता, आणि ती जात निजामाच्या राज्यातही होती, ब्रिटिशांच्याही.

ज्यांना कलेच्या दारात पहारा होता त्यांनी मग स्वतःची संध्याकाळ उभी केली. भीमराव कर्डकांचे जलसे त्यातलेच. महारवाड्यात, कंदिलाच्या उजेडात, कामावरून आलेल्या माणसांसमोर. मेलेले ढोर खाऊ नका, पोरांना शाळेत घाला, हे ज्या लोकांना भाषणातून पटेना त्यांना ते वगातून आणि गाण्यातून पटले. तिकीट नव्हते, आणि जलसेकरीही आपल्यातलेच. आम्हाला विचाराल तर महाराष्ट्रातली खरी फुकट सांस्कृतिक संध्याकाळ ही. आजच्या जयंतीतल्या डीजेच्या भिंतीपुढे उभे राहून हे आठवले की जरा लाज वाटते, पण तो विषय वेगळा.

आपल्या जिल्ह्यात याचा पुढचा टप्पा मिलिंदमध्ये झाला. म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक १९५५ साली मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी बाबासाहेबांसमोर केले. अस्पृश्यांचा युगानुयुगांचा प्रवास खेड्यापाड्यांतून आलेली पोरे रंगमंचावर दाखवत होती. पुढे १९५६ साली नागपुरात धम्मदीक्षेच्या वेळी तेच नाटक लाखोंच्या समुदायापुढे झाले. आणि १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारानंतर दर वर्षी विद्यापीठाच्या दारात जे भरते ते काय आहे? पुस्तकांची दुकाने, भीमगीते, गावोगावहून आलेल्या बायाबापड्या. हे दार १९७८ च्या ठरावानंतर सोळा वर्षे रक्त सांडून मिळाले आहे.

तेव्हा मागणी करताना ‘आम्हाला फुकट आत घ्या’ एवढीच करू नका. याच शहरात सोनेरी महालात सरकारी संग्रहालय आहे. त्याच महालाच्या आवारात वेरूळ-अजिंठा महोत्सव होतो, मोठमोठे गायक येतात आणि पुढच्या खुर्च्यांना तिकीट असते. बौद्ध लेण्यांच्या नावाने चालणाऱ्या त्या महोत्सवात एक रात्र जलशाची का नसावी? कलापथक गावातले, मानधन बाहेरच्या गायकाला देता त्याच रीतीने लेखी करार करून. वर्षातून एक संध्याकाळ संग्रहालय रात्री नऊपर्यंत उघडे आणि कन्नड, सिल्लोड, खुलताबादहून परतीची एसटी. पितळखोऱ्याच्या यक्षाची प्रतिकृती जिल्ह्यात, खाली मराठीत कन्हदासाचे नाव. त्या दिवशी माहिती सांगायला लेण्यांच्या पायथ्याच्या गावांतली, शिकून घरी बसलेली मुले-मुली, रोजावर.

अर्ज दोन करावे लागतील. सोनेरी महालासाठी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आणि लेण्यांसाठी केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या छत्रपती संभाजीनगर मंडळाकडे. ग्रामसभेचा ठराव जोडला तर बरे. पिशोरच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायला एक पानाचा अर्ज पुरतो.