बालनेचा मुलगा आणि ‘मायल मराठी’ : दख्खनच्या एका राजपुत्रकथेचा भाषिक विचार

मराठी वाचकाला कल्पित राजपुत्राची ओळख दोन वाटांनी होत आली आहे. पहिली वाट ग्रंथांची. पैठणच्या सातवाहनाच्या सभेशी ज्या गुणाढ्याचे नाव परंपरेने जोडले आहे, त्याच्या बृहत्कथेचा नायक नरवाहनदत्त हा राजपुत्र होय. पंचतंत्राच्या आरंभी दक्षिणेतील महिलारोप्य नगरीच्या अमरशक्ती राजाचे बहुशक्ती, उग्रशक्ती व अनंतशक्ती हे तीन जडबुद्धी पुत्र विष्णुशर्म्याच्या स्वाधीन केले जातात. आणि १८८३ मध्ये आगरकरांनी ‘विकारविलसित’ प्रसिद्ध केले, तेव्हा डेन्मार्कचा हॅम्लेट मराठीत चंद्रसेन होऊन आला. दुसरी वाट घरातल्या वडीलधाऱ्या बायकांच्या कथनाची. ‘आटपाट नगर होतं’ एवढ्यावर जी कथा सुरू होते, तिच्यातील राजपुत्राला बहुधा नावच नसते. तो राजाचा धाकटा मुलगा असतो, नावडतीचा मुलगा असतो, किंवा नुसताच ‘राजाचा लेक’ असतो.

ग्रंथातील राजपुत्राला नाव आहे आणि कथनातील राजपुत्राला ते नाही, हा भेद वरवरचा नव्हे. नाव नसलेला नायक भाषेची सीमा सहज ओलांडतो. त्याच्याभोवतीची नावे मात्र प्रत्येक मुक्कामी बदलतात. त्या बदलांतून कथा कोणत्या मुखातून गेली आणि सांगणाऱ्यांना आपले व परके कोण वाटत होते, हे कळू शकते. मराठी, कन्नड आणि तेलुगू या तीन भाषा जेथे एकमेकींना भिडतात, त्या सोलापूरच्या परिसराच्या दृष्टीने अशी एक राजपुत्रकथा विशेष विचारार्ह आहे.

१

१८६५–६६ च्या हिवाळ्यात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यावर निघाले. बरोबर त्यांची कन्या मेरी फ्रिअर होती, आणि तिच्या सेवेस ॲना लिबरेटा डिसोझा नावाची आया होती. ॲनाचे घराणे मूळचे लिंगायत, कालिकतकडचे. पुढे गोव्याच्या बाजूस येऊन ते ख्रिस्ती झाले. आजीकडून ऐकलेल्या गोष्टी तिने प्रवासात मेरीला इंग्रजीतून सांगितल्या, आणि त्या १८६८ मध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ या नावाने लंडनमध्ये प्रसिद्ध झाल्या. योगायोग असा की, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ ही अद्भुतरम्य कादंबरीही त्याच वर्षीची. एकीकडे मराठी ग्रंथकार संस्कृत वळणाची नायक-नायिका घडवीत असताना, दुसरीकडे एका आयेच्या तोंडची अनलंकृत कथा छापखान्यात जात होती.

या संग्रहातील पहिली कथा ‘पंचकिन’. एका राजाच्या सात मुलींपैकी सर्वांत धाकटी बालना. सातही जणींचे विवाह राजपुत्रांशी होतात, बालनेला मुलगा होतो. पंचकिन नावाचा जादूगार फकिराच्या वेषात येऊन तिला काळ्या कुत्रीचे रूप देतो आणि घेऊन जातो. शोधार्थ गेलेला तिचा पती आणि बहिणींचे पती यांना तो शिळा करून टाकतो. बालना लग्नास नकार देते, म्हणून तिला बुरुजात कोंडतो. इकडे मावश्यांनी वाढविलेला तिचा मुलगा मोठा होतो, सारी हकीकत ऐकतो व निघतो. तो एका माळिणीच्या आश्रयाला राहतो, स्त्रीवेष घेतो, फुलांबरोबर अंगठी पाठवून आईला आपली ओळख पटवितो. त्याच्या सांगण्यावरून बालना पंचकिनाकडून त्याच्या प्राणाचे रहस्य काढून घेते. दूरच्या अरण्यात ताडांच्या वर्तुळामध्ये पाण्याचे सहा घडे एकावर एक रचलेले आहेत, त्यांच्याखाली पिंजरा आहे, पिंजऱ्यात हिरवा पोपट आहे, आणि पोपटाच्या जिवात पंचकिनाचा जीव आहे. मुलगा सर्पाच्या तावडीतून गरुडाची पिले सोडवितो, ती त्याला तेथे नेतात, आणि पोपट हाती येताच जादूगाराकडून सर्व शिळांना पुन्हा मनुष्यरूप देववून तो पोपट मारतो.

पाश्चात्त्य पंडितांनी या कथेची पुष्कळ चर्चा केली. फ्रेझरने ‘गोल्डन बाउ’ मध्ये देहाबाहेर ठेवलेल्या प्राणाच्या कल्पनेचा विचार करताना ती उदाहरणादाखल घेतली, जोसेफ जेकब्जने १८९२ च्या आपल्या भारतीय कथासंग्रहात तिला स्थान दिले. आणि आर्ने–थॉम्प्सनच्या वर्गीकरणात अशा कथांना ३०२ हा क्रमांक आहे. अंड्यात किंवा सुईच्या टोकात प्राण ठेवणारा रशियन कथेतील कश्चेय हा पंचकिनाचा दूरचा भाऊबंद ठरतो. मात्र या साऱ्या चर्चेचे लक्ष पोपटाकडे राहिले. राजपुत्राकडे आणि नावांकडे ते फारसे गेले नाही.

२

बालना हे नाव मराठी स्त्रीनामांत रुळलेले नाही. उलट याच संग्रहातील दुसऱ्या एका कथेची नायिका ‘सेव्हेंटी बाई’ ही उघडच शेवंतीबाई आहे, म्हणजे ॲनाच्या कथांत मराठी नावे होतीच. मग बालना कोठली?

तेलुगू भाषकांना याचे उत्तर शोधावे लागत नाही. बुर्रकथेत, रंगभूमीवर आणि पुढे चित्रपटात तेलुगू प्रदेशभर गाजलेली ‘बालनागम्म’ ही हीच कथा होय. तेथेही ती सात बहिणींतली धाकटी. तेथेही भिक्षेच्या मिषाने आलेला मांत्रिक तिला कुत्री बनवून नेतो. ती व्रताचे निमित्त सांगून त्याला दूर ठेवते. मुलगा मोठा होऊन येतो, माळा पुरविणाऱ्या म्हातारीच्या घरी राहतो, आणि सात समुद्रांपलीकडील पोपटातील प्राण हस्तगत करून मांत्रिकाचा नाश करतो. पतीने आखलेली रेषा ओलांडताच संकट येते, हा रामायणाचा संस्कार तेलुगू कथेत अधिक ठळक आहे.

केवळ नामसाम्य पुरावा ठरत नाही. परंतु घटनांची मालिका इतकी जुळत असता नामसाम्याला वजन येते. ‘बालनागम्म’ या नावाचे घटक बाल, नाग आणि अम्म असे आहेत. ‘अम्म’ हा तेलुगू–कन्नडात स्त्रीनामाला लागणारा आदरवाचक प्रत्यय; मराठीत त्याची जागा ‘बाई’ घेते. ज्या मुखात तो प्रत्यय सजीव नाही, तेथे तो गळणे स्वाभाविक आहे. उरलेल्या ‘बालनाग’ मधील अंत्य व्यंजन झिजले की ‘बालना’ राहते. कन्नडशी नाते असलेले लिंगायत घराणे, मग गोव्याचा शेजार, शेवटी इंग्रजी कथन, एवढ्या प्रवासात इतकी झीज होणे नवलाचे नाही.

राजपुत्राच्या नावाची गोष्ट याहून बोलकी आहे. ॲनाच्या कथेत तो ‘बालनेचा मुलगा’ एवढाच आहे. तेलुगू कथेत त्याला नाव आहे : बालवर्धी. त्याच्या पित्याचे नाव कार्यवर्धी. म्हणजे नावाचा उत्तरार्ध पित्याकडून आणि पूर्वार्ध मातेकडून आलेला आहे. आणि कथेत त्याचे सारे कर्तृत्व पूर्वार्धाशी बांधलेले आहे. ‘राजपुत्र’ या समासाचा विग्रह ‘राजाचा पुत्र’ असा होतो, पण या कथेत राजा शिळा होऊन पडला आहे. सिंहासन, वारसा, दिग्विजय यांपैकी काहीच या मुलाच्या वाट्याला येत नाही. तो आईला सोडवावयास निघतो, माळिणीच्या घरी हार गुंफतो, बायकी वेष घेण्यात त्याला उणेपणा वाटत नाही. चंद्रसेन पित्याच्या सूडाच्या ओझ्याखाली खचतो आणि आईशी त्याचे नाते विषारी होते. बालनेचा मुलगा पित्याला जिवंत करतो तोही आईच्या बुद्धीच्या बळावर. कारण पोपटाचे रहस्य त्याला शौर्याने मिळत नाही, ते आई मिळवून देते. कथनाची वाट बायकांच्या मुखातून गेली, याची ही खूण मानावी लागते.

३

आता प्रतिनायकाकडे वळावयाचे. तेलुगू कथेत त्याला काही ठिकाणी ‘मायल फकीर’ म्हणतात, परंतु त्याचे दुसरे प्रसिद्ध नाव आहे ‘मायल मराठी’. तेलुगूत ‘माय’ या शब्दाचे अनेकवचन ‘मायलु’ आणि त्याचे सामान्यरूप ‘मायल’. तेव्हा ‘मायल मराठी’ म्हणजे नाना मायाविद्या जाणणारा मराठी. १९४२ मध्ये जेमिनी स्टुडिओने ‘बालनागम्म’ चित्रपट काढला, तेव्हा कांचनमालेने नायिकेची आणि गोविंदराजुल सुब्बाराव यांनी या मायल मराठीची भूमिका केली. १९५९ मध्ये एन. टी. रामाराव आणि अंजलीदेवी यांचा त्याच कथेवरील चित्रपट आला.

मराठी वाचकाला हे नाव टोचेल. पण त्याने रागावण्याचे कारण नाही. १६७७ मध्ये शिवाजी महाराजांची दक्षिण दिग्विजयाची मोहीम गोवळकोंड्यावरून गेली. अठराव्या शतकात चौथाईच्या निमित्ताने मराठी फौजा तेलुगू मुलुखात वारंवार आल्या. १७४२ ते १७५१ या काळातील मराठ्यांच्या स्वाऱ्यांची स्मृती बंगालने ‘बर्गी’ या शब्दात आणि पाळण्याच्या गीतात जपली. तेलुगू कथेने तशीच एखादी स्मृती मांत्रिकाच्या नावात ठेवली असावी, असे अनुमान करता येते. शिवाय हा न्याय एकतर्फी नाही. मराठी मनाने जादूचे माहेर बंगाल आणि कामरूप येथे कल्पिले. प्रत्येक लोकसमूह मंत्रतंत्राची भीती आपल्या वेशीबाहेर नेऊन ठेवतो. बंगालला मराठा भयंकर आणि मराठ्याला बंगाली जादूगार, ही परतफेड लोककथेच्या जगात नेहमीची आहे.

इतिहासाने मात्र या कल्पित मराठ्यासमोर दोन खरे मराठी उभे केले आहेत. पहिला तंजावरचा शहाजी राजा. १६८४ ते १७१२ पर्यंत राज्य केलेल्या या भोसले राजाने स्वतः तेलुगूत यक्षगान नाटके रचली, त्यांतील ‘पल्लकीसेवाप्रबंधमु’ प्रसिद्ध आहे. दुसरे उदाहरण सुरभी नाटकमंडळ्यांचे. १८८५ मध्ये कडपा जिल्ह्यातील सुरभी गावी वनारस गोविंदराव यांच्या पुढाकाराने ‘कीचकवध’ या प्रयोगापासून सुरू झालेली ही परंपरा तेलुगू रंगभूमीचे भूषण मानली जाते. ती चालविणारी कुटुंबे मूळची महाराष्ट्रातून गेलेली, चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ करणारी, तेलुगूत ज्यांना ‘आरे’ म्हणतात त्या मराठी समाजातली. ‘मायाबजार’ प्रमाणेच ‘बालनागम्म’ हे त्यांच्या सर्वांत लोकप्रिय नाटकांपैकी एक. म्हणजे मराठी वंशाचा नट तेलुगू रंगमंचावर मायल मराठी होऊन उभा राही, आणि त्याचाच पोरगा बालवर्धी होऊन त्याचा प्राण घेई. नावातला परकेपणा प्रयोगात विरघळून गेला, याहून अधिक स्पष्ट दाखला मिळणे कठीण.

४

हा प्रश्न सोलापुरास दूरचा नाही. तेलंगणातून पिढ्यान्‌पिढ्या येत राहिलेल्या पद्मशाली विणकरांनी या शहराचा पूर्व भाग वसविला. चादरीचा आणि टॉवेलचा माग त्यांचा. विडीच्या पानांवर कातरी चालविणारे हातही बहुतांशी त्यांच्याच घरच्या बायकांचे. घरात तेलुगू, शाळेत व कचेरीत मराठी, आणि अक्कलकोटच्या बाजूने येणारी कन्नड, असा भाषांचा ताणा-बाणा येथे नित्याचा. सिद्धरामेश्वरांची वचने कन्नडात, रामजोशांच्या लावण्या मराठीत, आणि मार्कंडेयाच्या रथयात्रेला तेलुगू जनसमुदाय, हे एकाच गावचे वैभव. पद्मशाली ज्याला मूळपुरुष मानतात तो मार्कंडेय हाही अल्पायुषी मुलगा, मृत्यूला परतविणारा. बालवर्धीची कथा ज्यांच्या मनाला भिडावी अशीच ही श्रोतृमंडळी.

अशा घरात बालनागम्मेची कथा सांगताना मांत्रिकाचे नाव कोणते घेतले जाते, हा केवळ कुतूहलाचा प्रश्न नव्हे. ज्या नातवाची शाळेची भाषा मराठी आहे, ज्याचे शेजारी मराठी आहेत, त्याला आजी ‘मायल मराठी’ म्हणूनच सांगते की ते नाव गाळून ‘मायल फकीर’ म्हणते? दुसरा पर्याय घेतल्यास एका शेजाऱ्याचा मान राखला जातो, पण दोष दुसऱ्या शेजाऱ्याच्या माथी जातो. की ॲनाच्या ‘पंचकिन’ प्रमाणे, ज्यात कोणाची जात वा भाषा दिसत नाही असे नाव शोधले जाते? कथेतील एका नावाची निवड ही सहजीवनाची कसोटी असते, आणि ती कसोटी घरोघरी, कोणाच्या लक्षात न येता, लागत असते.

म्हणून या कथेचा विचार करताना तीन गोष्टी टिपून ठेवण्याजोग्या आहेत : आईचे नाव ‘अम्म’ सह येते की त्याविना, मुलाला नाव असते की तो आईच्या नावाने ओळखला जातो, आणि मांत्रिक कोणत्या भाषेचा वा पंथाचा सांगितला जातो. पूर्व भागातील तेलुगू घरे, अक्कलकोटकडील कन्नड घरे आणि शहरातील मराठी घरे यांतून या तीन प्रश्नांची उत्तरे गोळा केल्यास, १८६८ च्या छापील पाठाशी ती ताडून पाहता येतील. कथा सांगणाऱ्या म्हाताऱ्या बायका हेच या संशोधनाचे दप्तर, आणि ते दप्तर कोणत्याही कचेरीत जपले जात नाही.

गुणाढ्याच्या बृहत्कथेबद्दलची आख्यायिका अशी की, राजाने तिची उपेक्षा केली, तेव्हा कवीने एकेक पान अग्नीत टाकले आणि अरण्यातील पशू ते ऐकत राहिले. अखेर राजा धावत आला तेव्हा नरवाहनदत्ताचा भाग तेवढा उरला होता. एका राजपुत्राची कथा वाचली, ती शिष्यांच्या आग्रहामुळे आणि उशिरा का होईना आलेल्या श्रोत्यामुळे. बालनेच्या मुलाला दरबार नाही आणि शिष्यही नाहीत. त्याची कथा टिकावयाची तर मागापलीकडच्या ओसरीवर वही घेऊन बसणारा श्रोता हवा.