राष्ट्राभिमान

राष्ट्राभिमान म्हणजे आपल्या राष्ट्राविषयी, त्याच्या इतिहासाविषयी, संस्कृतीविषयी किंवा कर्तृत्वाविषयी व्यक्तीला वाटणारा अभिमान होय. देशप्रेम, देशभक्ती व राष्ट्रवाद या संज्ञांशी ही संकल्पना निगडित असली तरी ती त्यांच्याहून वेगळी आहे. राष्ट्रीयत्व बहुतेकांना जन्माने मिळते. ते मिळवण्यासाठी व्यक्तीने स्वतः काही केलेले नसते. अशा गोष्टीचा अभिमान बाळगणे कितपत सयुक्तिक आहे, हा तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र व सामाजिक मानसशास्त्र यांतील चर्चेचा विषय आहे. महाराष्ट्रात हा वाद एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे. ठाणे, कल्याण व डोंबिवली या परिसराच्या इतिहासात त्याच्या अनेक बाजू एकत्र पाहावयास मिळतात.

== संज्ञा ==

मराठीत 'अभिमान' हा शब्द सामान्यतः चांगल्या अर्थाने वापरला जातो. अनिष्ट छटा दाखवण्यासाठी 'गर्व', 'दुरभिमान' किंवा 'अहंकार' हे शब्द योजले जातात. संस्कृत दर्शनग्रंथांत मात्र या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. सांख्य दर्शनात अहंकाराचे लक्षण 'अभिमान' असेच दिलेले असून, एखादी गोष्ट 'माझी' आहे असे मानण्याची वृत्ती त्यातून सूचित होते. वारकरी संतांनी देहाचा, कुळाचा व ज्ञानाचा अभिमान टाकण्याचा उपदेश केला. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शिक्षणाच्या व वृत्तपत्रांच्या प्रसाराबरोबर 'देशाभिमान', 'स्वदेशाभिमान' व 'स्वभाषाभिमान' हे शब्द गुणवाचक म्हणून रूढ झाले. 'अस्मिता' हा शब्द या अर्थाने विसाव्या शतकात प्रचलित झाला.

== औचित्याचा प्रश्न ==

=== आक्षेप ===

राष्ट्राभिमानावरील प्रमुख आक्षेप कर्तृत्वाच्या मुद्द्यावर आधारलेला आहे. अभिमान स्वतः केलेल्या गोष्टीचा असावा आणि जन्मस्थान हा योगायोग असल्याने त्याचे श्रेय कोणीही घेऊ शकत नाही, असा हा युक्तिवाद आहे. जर्मन तत्त्वज्ञ आर्थर शोपेनहाउअर याने इ.स. १८५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधसंग्रहात राष्ट्राभिमानाला सर्वांत स्वस्त अभिमान ठरवले. स्वतःपाशी अभिमान बाळगण्याजोगे काही नसणारा मनुष्य राष्ट्राचा आधार घेतो, असे त्याचे म्हणणे होते.

दुसरा आक्षेप परिणामांविषयी आहे. राष्ट्राभिमानातून स्वतःच्या समाजातील दोष झाकण्याची व इतरांना कमी लेखण्याची वृत्ती बळावते, असे टीकाकार मानतात. रवींद्रनाथ टागोर यांनी इ.स. १९१७ मधील 'नॅशनॅलिझम' या पुस्तकात राष्ट्रपूजेच्या या बाजूवर टीका केली. पुढे त्यांचेच गीत भारताचे राष्ट्रगीत झाले.

=== समर्थन ===

समर्थकांच्या मते अभिमानासाठी स्वतःचे कर्तृत्व ही आवश्यक अट नाही. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याच्या विवेचनानुसार अभिमानाला दोन गोष्टी लागतात : चांगली वाटणारी वस्तू व तिचा स्वतःशी असलेला संबंध. आईला मुलाचा, विद्यार्थ्याला शाळेचा अभिमान वाटतो तो या संबंधामुळे. हा संबंध केवळ नावापुरता आहे की जबाबदारी घेणारा आहे, यावर त्या अभिमानाचे मोल ठरते, असे या मताचे अनुयायी मानतात. तत्त्वज्ञ ॲलस्डेर मॅकिन्टायर यांनी इ.स. १९८४ मधील एका व्याख्यानात देशभक्ती हा सद्गुण आहे काय, या प्रश्नाची चर्चा करताना व्यक्तीची नैतिक जडणघडण विशिष्ट समाजातच होते, याकडे लक्ष वेधले.

या चर्चेतून पुढे येणारी एक कसोटी अभिमान व लाज यांच्या नात्याची आहे. पूर्वजांच्या पराक्रमाचा अभिमान बाळगणाऱ्याने त्यांच्या अन्यायाची लाजही स्वीकारली पाहिजे. यश 'आपले' आणि अपराध 'त्यांचे' अशी विभागणी केल्यास मूळ संबंधाचा दावाच दुबळा होतो.

== महाराष्ट्रातील वैचारिक परंपरा ==

गोपाळ हरी देशमुख ऊर्फ लोकहितवादी यांनी इ.स. १८४८ ते १८५० या काळात 'प्रभाकर' साप्ताहिकात लिहिलेल्या 'शतपत्रां'त स्वकीयांच्या आळसावर, अज्ञानावर व जातिभेदावर कठोर टीका केली. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी इ.स. १८७४ मध्ये सुरू केलेल्या 'निबंधमाले'तून या दृष्टीला उत्तर दिले. परकीय सत्तेखालील समाजाने स्वतःलाच हीन मानू लागणे हे अधिक घातक असून स्वदेश, स्वभाषा व स्वधर्म यांचा अभिमान जागवणे आवश्यक आहे, अशी त्यांची भूमिका होती. गोपाळ गणेश आगरकर यांनी 'सुधारक' पत्रातून, एखादी रूढी आपली आहे एवढ्यावरून ती समर्थनीय ठरत नाही, हे आग्रहाने मांडले.

जोतीराव फुले यांनी हा प्रश्न वेगळ्या टोकाने उपस्थित केला. त्यांच्या मृत्यूनंतर इ.स. १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' या ग्रंथात 'एकमय लोक' ही संकल्पना आहे. जातींत विभागलेले लोक एकमय झाल्याखेरीज राष्ट्र निर्माण होणार नाही, असे त्यांनी प्रतिपादिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात जातिव्यवस्था राष्ट्रविरोधी असल्याचे सांगितले व आपण अद्याप राष्ट्र झालेलो नाही, याची जाणीव ठेवण्याचे आवाहन केले. या दोघांच्या मांडणीत राष्ट्र हे आयते मिळालेले वारसाधन नसून अपुरे राहिलेले कार्य ठरते.

== ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील संदर्भ ==

=== आनंदीबाई जोशी ===

पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक असलेल्या आनंदीबाई जोशी (३१ मार्च १८६५ – २६ फेब्रुवारी १८८७) यांचे बालपण कल्याणमध्ये गेले. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल अल्पावधीतच दगावले. त्यानंतर त्यांनी वैद्यक शिकण्याचा निश्चय केला. परदेशगमनाला समाजातून विरोध होऊ लागल्यावर इ.स. १८८३ मध्ये श्रीरामपूर (बंगाल) येथील महाविद्यालयातील भाषणात त्यांनी आपल्या निर्णयाची कारणे सांगितली. हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची असलेली गरज त्यांनी मांडली आणि आपण हिंदू म्हणूनच जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असे स्पष्ट केले. इ.स. १८८६ मध्ये फिलाडेल्फियातील विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाची एम.डी. पदवी त्यांना मिळाली. त्याच वर्षी कादंबिनी गांगुली यांनी कोलकात्यात वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले.

स्वदेशी परतल्यावर आनंदीबाईंचे स्वागत झाले व कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री विभागावर त्यांची नेमणूक झाली. तथापि क्षयाने त्यांचे वयाच्या एकविसाव्या वर्षी पुणे येथे निधन झाले. त्यांच्या अस्थी अमेरिकेतील स्नेही थिओडिसिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आल्या व न्यू यॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे ठेवण्यात आल्या. शुक्र ग्रहावरील एका विवराला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

राष्ट्राभिमानाच्या चर्चेत हे उदाहरण दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. आनंदीबाईंनी स्वतः राष्ट्रीय व धार्मिक ओळखीचा अभिमान बाळगला, पण तो स्वदेशातील उणीव उघडपणे सांगण्याच्या आड आला नाही. दुसरे म्हणजे, ज्या समाजातून त्यांच्या शिक्षणाला विरोध झाला त्याच समाजाने पुढे त्यांच्या यशाचा वाटा घेतला. हा अभिमान प्रामाणिक ठरायचा असेल, तर बालविवाह, अकाली मातृत्व व विरोध हा भागही त्याच वारशात मोजावा लागतो.

=== बोरीबंदर–ठाणे रेल्वे ===

भारतातील पहिली प्रवासी रेल्वेगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या सुमारे ३४ किलोमीटरच्या मार्गावर धावली. १४ डब्यांच्या या गाडीतून सुमारे ४०० निमंत्रितांनी प्रवास केला. १ मे १८५४ रोजी हा मार्ग कल्याणपर्यंत वाढवण्यात आला. ठाणेकरांच्या स्थानिक अभिमानात या घटनेला मोठे स्थान आहे.

हा मार्ग ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या ब्रिटिश कंपनीने बांधला. भागधारकांना दिलेल्या परताव्याच्या हमीचा भार हिंदुस्थानच्या महसुलावर होता. जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्या मुंबईतील नेत्यांनी रेल्वेसाठी पाठपुरावा केला, तर प्रत्यक्ष बांधकाम देशी मजुरांनी केले. कल्याणपुढील मार्ग नेताना बोरघाटाच्या कामात हजारो मजूर मरण पावले. त्यामुळे या घटनेचा अभिमान नेमका कोणाच्या कर्तृत्वाचा, या प्रश्नाचे उत्तर वेगवेगळे दिले जाते. 'पहिली' या विशेषणालाही मर्यादा आहे. मालवाहतुकीसाठी मद्रास व रुडकी येथे त्यापूर्वीच लोहमार्ग वापरले गेले होते.

=== ठाणे कारागृह ===

पोर्तुगीजांनी बांधावयास घेतलेला ठाण्याचा किल्ला इ.स. १७३७ मध्ये मराठ्यांनी व इ.स. १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतला. पुढे त्याचे कारागृहात रूपांतर झाले. महादेव कोळी समाजातील बंडाचे नेते राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी येथे फाशी देण्यात आली. नाशिकचा जिल्हाधिकारी जॅक्सन याच्या वधाबद्दल अनंत लक्ष्मण कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे व विनायक नारायण देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी येथेच फाशी झाली.

या दोन घटनांमागील प्रेरणा सारख्या नव्हत्या. कान्हेरे व त्यांचे सहकारी स्वदेशाच्या स्वातंत्र्याची कल्पना घेऊन पुढे आलेल्या क्रांतिकारी गटातील होते. भांगरे यांचे बंड इंग्रजी सत्तेबरोबरच सावकारांच्याही विरोधात होते व सह्याद्रीतील आदिवासींच्या स्थानिक हक्कांशी जोडलेले होते. आज दोघांचीही गणना राष्ट्रीय हुतात्म्यांत होते. राष्ट्राभिमान भूतकाळातील निरनिराळ्या लढ्यांना एका कथेत गुंफतो. त्यात सावकारीविरोधासारखा मूळ आशय मागे पडण्याची शक्यता असते.

=== उल्हासनगर ===

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळील लष्करी छावण्यांत ठेवण्यात आले. या वसाहतीला इ.स. १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. जन्मभूमी एका राष्ट्रात व नागरिकत्व दुसऱ्या राष्ट्रात, अशी या लोकांची स्थिती होती. राष्ट्राभिमान जन्मस्थानाशी बांधला तर त्यांच्याबाबतीत तो निरर्थक ठरतो. स्वीकारलेल्या व उभारलेल्या समाजाशी बांधला तर मात्र तो अर्थपूर्ण होतो. राष्ट्रगीतातील 'सिंध' हा शब्द बदलण्याची मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने इ.स. २००५ मध्ये फेटाळली.

=== नववर्ष स्वागतयात्रा ===

गुढीपाडव्याला निघणाऱ्या नववर्ष स्वागतयात्रांची प्रथा १९९० च्या दशकाच्या अखेरीस डोंबिवलीच्या श्री गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने सुरू झाली. नंतर ती ठाणे, गिरगाव व इतरत्र पसरली. पारंपरिक वेश, लेझीम, ढोल-ताशा पथके व सामाजिक विषयांवरील चित्ररथ ही तिची वैशिष्ट्ये आहेत. या यात्रांत भाषिक, धार्मिक व राष्ट्रीय अभिमान एकत्र दिसतात. समर्थक त्यांना सांस्कृतिक जागृतीचे व शेजाऱ्यांना एकत्र आणणारे माध्यम मानतात. राष्ट्रीय ओळख व एका समाजाची धार्मिक ओळख एकच मानली जाऊ नये, असा इशारा टीकाकार अशा उपक्रमांच्या संदर्भात देतात.

== कायदा व शिक्षण ==

भारतीय कायदा राष्ट्रीय प्रतीकांच्या आदराची अपेक्षा करतो. अभिमान ही भावना मात्र त्याने सक्तीची केलेली नाही. इ.स. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेल्या अनुच्छेद ५१क मध्ये राष्ट्रध्वज व राष्ट्रगीताचा आदर करणे आणि संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे मोल जाणून तो जतन करणे ही मूलभूत कर्तव्ये सांगितली आहेत. बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य (१९८६) या खटल्यात, राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभे राहणाऱ्या, पण धार्मिक श्रद्धेमुळे ते न गाणाऱ्या विद्यार्थ्यांना शाळेतून काढणे सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरवले. चित्रपटगृहांत राष्ट्रगीत वाजवणे न्यायालयाने नोव्हेंबर २०१६ मध्ये सक्तीचे केले होते. जानेवारी २०१८ मध्ये ते ऐच्छिक करण्यात आले.

शालेय पाठ्यपुस्तकांत छापली जाणारी प्रतिज्ञा तेलुगू लेखक पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी इ.स. १९६२ मध्ये लिहिली. तीत देशाच्या वैविध्यपूर्ण परंपरांच्या अभिमानाचा उच्चार आहे व त्यालगतच त्या परंपरांना पात्र होण्यासाठी प्रयत्न करण्याचे वचन आहे. अभिमान व पात्रता यांची ही सांगड 'न कमावलेल्या अभिमाना'वरील आक्षेपाला दिलेले एक उत्तर मानता येते.

== मानसशास्त्रीय अभ्यास ==

सामाजिक ओळखीच्या सिद्धान्तानुसार व्यक्ती आपल्या आत्मप्रतिष्ठेचा काही भाग समूहाच्या प्रतिष्ठेतून मिळवते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी व सहकाऱ्यांनी इ.स. १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकल्यावर विद्यार्थी 'आपण जिंकलो' व हरल्यावर 'ते हरले' अशा धर्तीची भाषा अधिक वापरतात, असे आढळले. कोस्टरमन व फेशबाख यांनी इ.स. १९८९ मध्ये देशाविषयीचा जिव्हाळा व इतर देशांवरील श्रेष्ठत्वाची भावना या दोन वेगळ्या वृत्ती असल्याचे दाखवले. जिव्हाळा असलेल्या प्रत्येकात श्रेष्ठत्वाची भावना असतेच असे नाही. त्यामुळे राष्ट्राभिमानाचे मूल्यमापन करताना तो किती तीव्र आहे यापेक्षा कोणत्या प्रकारचा आहे, हे अभ्यासक पाहतात.

== हेही पहा ==

* राष्ट्रवाद
* देशभक्ती
* आनंदी गोपाळ जोशी
* निबंधमाला
* ठाणे मध्यवर्ती कारागृह
* उल्हासनगर