बॉम्बे डक

बोंबील या माशाचे इंग्रजी नाव. ‘बॉम्बे’ आणि ‘डक’ (बदक) अशा दोन पदांचा हा समास; बदकाशी माशाचे रूपात वा चवीत काहीही साम्य नाही. शास्त्रीय नाव हार्पाडॉन नेहेरिअस.

रायगड जिल्ह्यात करंजा, रेवस, वरसोली, रेवदंडा ते मुरूड या पट्ट्यातले कोळी बोंबील डोलीत धरतात. डोल म्हणजे भरती-ओहोटीच्या ओढीत तोंड उघडे राहणारे पिशवीसारखे जाळे. ओल्या बोंबलाच्या अंगात पाणीच फार, तो लगेच नासतो. म्हणून दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते वलांडीवर, म्हणजे वाळवणीच्या बांबूंच्या मांडणीवर, टांगतात आणि उन्हावाऱ्यात काडीसारखे सुकवतात. इंग्रजांच्या ताटात ‘बॉम्बे डक’ म्हणून गेला तो मुख्यतः हाच सुका बोंबील.

नावाची लोकप्रिय कथा अशी : रेल्वेच्या टपालगाडीतून, म्हणजे ‘बॉम्बे डाक’ने, सुके बोंबील जात, त्यांच्या वासावरून माशालाच ‘डाक’ म्हणू लागले व त्याचे ‘डक’ झाले. कथा रंजक आहे, पण कालगणनेत टिकत नाही. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली १६ एप्रिल १८५३ रोजी, आणि ‘बॉम्बे डक’ हे माशाचे टोपणनाव १८२९ सालच्या एका इंग्रजी पुस्तकात छापलेले आहे. शिवाय या किनाऱ्याची मासळी मुंबईला जाई ती होड्या-गलबतांतून. या पट्ट्यातल्या अलिबागला प्रवासी रेल्वे आजही नाही.

इंग्रजीत याच घडणीचा जुना शब्द आहे ‘वेल्श रॅबिट’. त्यात ससा नसतो, भाजलेल्या पावावर वितळलेले चीज असते. प्रदेशाचे नाव पुढे जोडून साध्या खाण्याला थट्टेने मोठ्या मांसाचे नाव देण्याची ही रीत. ‘बॉम्बे डक’ तिच्यातलाच असावा, हे अधिक पटते. मुंबई इलाख्याच्या सेवेतल्या इंग्रजांनाही ‘डक्स’ म्हणत. यूल व बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या कोशाने ते नाव या माशावरूनच आलेले दिसते असे म्हटले आहे.

माशाचे दुसरे इंग्रजी नाव ‘बमेलो’. त्यात मात्र कोळणीच्या तोंडचा शब्द ऐकू येतो. दोन्ही नावांचे मूळ अस्पष्ट आहे असे सांगूनही हॉब्सन-जॉब्सनने ‘बमेलो’च्या नोंदीत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातल्या ‘बोंबील’कडे बोट दाखवले आहे.